आक्षी खाडीमुख ते नागाव पुळण : किनारी पक्षीगणनेच्या प्रकल्प नोंदी, हंगाम २०२४-२५

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार. आश्विन वद्य दशमी.

आज गणना नाही, फक्त पट्टे आखून घेतले. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की साखर-आक्षीचा पूल लागतो. खाडी तिथून पश्चिमेला वळत समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेला अलिबागचा किनारा आणि कुलाबा किल्ला, दक्षिणेला आक्षीची पुळण, ती पुढे नागावपर्यंत सलग. पहिला पट्टा खाडीच्या आतला: तिवरं, जेटी, चिखल. दुसरा मुखाशी, वाळूच्या दांड्याचा. तिसरा, चौथा, पाचवा सुरूच्या बनासमोरून नागावच्या दिशेने, प्रत्येकी ४०० मीटर. पट्ट्यांच्या हद्दी जीपीएसवर घेतल्या आणि शिवाय न हलणाऱ्या खुणांना बांधल्या: जेटीचं टोक, बनातली पायवाट, एक पक्का कठडा. वाळूत रोवलेली काठी पुढच्या उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला) राहत नाही, आणि दांड्याचा आकारही दर हंगामात बदलतो. म्हणून दुसऱ्या पट्ट्याची हद्द वाळूवर न ठरवता काठावरच्या दोन खुणांमधल्या रेषेवर ठरवली.

भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची हा कोकणातला जुना हिशेब पुरतो. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. मुंबईच्या छापील तक्त्याशी ताडला तर कधी अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, त्यामुळे दिवस ठरवायला तिथी आणि वेळ ठरवायला तक्ता. अलिबागसाठी मुंबईचा तक्ता चालतो.

हंगामाचे मुख्य दिवस एकादशी-द्वादशीचे ठेवले आहेत, शुद्ध असो वा वद्य. या दिवशी पाणी सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान भरतं. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी आणि पक्ष्यांवर सरळ उजेड. पौर्णिमेला भरती ऐन दुपारी येते, तेव्हा वाळू तापून हवा थरथरते आणि दुर्बिणीत चिखल्याचा (प्लोव्हर, किनाऱ्यावरचा लहान पक्षी) नुसता ठिपका नाचतो. अष्टमीच्या भांगाला (पाण्याचा चढउतार कमी असतो तेव्हा) भरती उजाडायच्या आत होऊन जाते. संध्याकाळची भरती सोयीची वाटते, पण समोरून ऊन येतं आणि सगळे पक्षी काळे दिसतात. संध्याकाळी घेतलेले आकडे या प्रकल्पात धरायचे नाहीत.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. कार्तिक शुद्ध नवमी.

मुद्दाम गैरसोयीच्या वेळी केलेली फेरी. भरती उजाडताना होऊन गेलेली, सातनंतर सुकती, म्हणजे उतरतं पाणी. तिसरा पट्टा अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा मोजला आणि दोन्ही आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. जुळणारही नव्हते. इथला किनारा इतका सपाट आहे की पाणी थोडं उतरलं तरी काठ बराच आत सरकतो, आणि त्याच्यामागे पक्षी पांगतात. छोटे चिखल्या एकेकटे उभे राहतात, ओल्या वाळूच्या रंगात विरघळून जातात, हलला तरच दिसतात. सुकतीत मोजलेला आकडा नेहमी कमीच येतो, आणि किती कमी ते सांगता येत नाही. भरतीच्या आकड्याशी त्याची तुलना करून ‘यंदा पक्षी घटले’ असं लिहिणं चूक.

सुकतीची वेळ ओळख पक्की करायला मात्र उत्तम. नव्या सदस्यांना रंग सांगायच्या आधी चाल दाखवली. चिखल्या पळतो, थांबतो, टिपतो, पुन्हा पळतो, कारण तो डोळ्यांनी शोधतो. तुतवार (सँडपायपर) आणि त्याच्याच कुळातले लहान स्टिंट मान खाली घालून चालत चालत सतत टोचत राहतात, ते चोचीने चाचपतात. सँडरलिंग फुटणाऱ्या लाटेच्या काठाने खाली-वर धावतं, ती जागा सहसा सोडत नाही. टेरेक तुतवार अंग खाली दाबून खेकड्यामागे वेडावाकडा धावतो, त्याची वर वळलेली चोच दिसायच्या आधीच ओळख पटलेली असते. शंभर मीटरवरून एवढं पुरतं.

उपकरणांबद्दल. तिकाटणं (दुर्बिणीचा तीन पायांचा स्टँड) वाळूत उभं करताना सगळ्यात खालचा बारीक टप्पा आधी पूर्ण बाहेर काढायचा आणि वरचे टप्पे आत ठेवायचे. नेहमीची सवय उलटी असते. पण खालचा टप्पा आत राहिला तर त्याचं कुलूप वाळूच्या पातळीला येतं, आटे करकरतात आणि खाऱ्या पाण्याने धरतात. चिखलात पाय रुतू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली बरणीचं प्लास्टिकचं झाकण. घरी गेल्यावर पायांचे टप्पे वेगळे करून गोड्या पाण्याने धुवायचे. भिंगावर खारे तुषार वाळले असतील तर कोरड्या कपड्याने पुसायचं नाही, मिठाचे कण लेपावर ओरखडे काढतात. आधी फुंकणी, मग ओलसर कपडा, मग कोरडा.

२७ नोव्हेंबर २०२४, बुधवार. कार्तिक वद्य द्वादशी.

हंगामाची पहिली पूर्ण गणना. पद्धत लिहून ठेवतो, पुढे यातच बदल सुचवायचे.

भरतीच्या दोन तास आधी दुसऱ्या पट्ट्यासमोर, सुरूच्या बनाच्या कडेला बसायचं. दांड्यावर जायचं नाही. किनाऱ्यावरून चालत मोजत गेलं की समोरचा थवा उठून तीनशे मीटर पुढे बसतो, मग पुढच्या पट्ट्यात तेच पक्षी पुन्हा मोजले जातात. आक्षीचे फुगलेले आकडे बहुतेक असेच तयार होतात. एका जागी बसलं तर पाणीच पक्ष्यांना आपल्यासमोर आणतं.

पाणी चढू लागलं की कर्ल्यू, गॉडविट, कालवफोडे (ऑयस्टरकॅचर) असे मोठे पक्षी आधी खाणं थांबवून दांड्यावर येतात. लहान पक्ष्यांना पोट भरायला जास्त वेळ लागतो. वाळू चिखल्ये, केंटिश चिखल्ये, स्टिंट भरतीच्या काठाने शेवटपर्यंत टिपत राहतात. म्हणून मोठ्या पक्ष्यांची मोजणी भरतीच्या तासभर आधी, लहानांची शेवटच्या पाऊण तासात. भरती झाल्यावर पाणी जेमतेम पंधरा-वीस मिनिटं थोपतं, तेवढ्यात फेरतपासणी. मग उरलेले पट्टे चालत, पण थव्यापासून किमान शंभर मीटर ठेवून, वरच्या कोरड्या वाळूतून. बसलेल्या पक्ष्यांनी माना उंच केल्या की थांबायचं. एखादा दोन पावलं चालू लागला की मागे सरायचं. त्यापुढची पायरी म्हणजे थवा उठणं.

माणसं तीन लागतात: एक स्कोपवर (तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीवर), एक लिहायला, एक साध्या दुर्बिणीने आकाशावर आणि मागच्या बाजूला लक्ष ठेवायला. तिसरा नसेल तर बहिरी ससाणा आल्याचं कळतच नाही, नुसता थवा उठलेला दिसतो. आज तो आलाच. थवा उठला की चालू मोजणी तिथेच सोडायची, वहीत वेळ आणि कारण लिहायचं, पक्षी बसल्यावर शून्यापासून सुरू करायचं. अर्धी आधीची आणि अर्धी नंतरची जोडून बेरीज करायची नाही. कारणाचा रकाना आजपासून कायम: ससाणा, घार, कुत्रा, माणूस, वाहन, होडी, दिसलं नाही. ब्राह्मणी घारीला पक्षी फारसे जुमानत नाहीत. समुद्र गरुड उंचावरून गेला तरी कुरव (गल) उठतात आणि त्यांच्यामागे बाकीचे.

१५ डिसेंबर २०२४, रविवार. मार्गशीर्ष पौर्णिमा.

उधाण. पहाटे पाणी फार आत गेलेलं, भरती दुपारी. ही गणना नव्हे, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळू-चिखलावर कोण काय खातं ते पाहण्याची फेरी.

सुरक्षेचं आधी. भरतीचं पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर सहा तासांत साधारण एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग चढतात, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून अर्धं पाणी येतं. उधाणाला हा चढ चार मीटरच्या घरात जातो. खाडीच्या बाजूला पाणी आधी चरांमधून आत शिरतं आणि आपण उभे असतो तो उंचवटा मागून वेढला जातो, समोर समुद्र अजून लांब दिसत असताना. नियम: ओहोटी संपून दोन तास झाले की पहिला आणि दुसरा पट्टा रिकामा. खाडीच्या आतला चिखल गुडघ्यापर्यंत घेतो, तिथे उतरायचंच नाही, जेटीवरून पाहायचं. गमबूट इथे उपयोगाचे नाहीत, रुतले की बूट आत आणि पाय बाहेर. घट्ट पट्ट्याच्या सँडल बऱ्या, अनवाणी नको, कालवांच्या कवच्या कापतात.

वाळू चिखल्यांवर आज वेळ घालवला, कारण सगळ्यात जास्त गोंधळ त्यांच्यातच. छोटा आणि मोठा वेगळे करताना आकारावर जाऊ नये. एकटा पक्षी छोटा की मोठा हे डोळा ठरवू शकत नाही. चोच पाहावी. छोट्याची चोच साधारण चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतराएवढी आणि टोकाला बोथट. मोठ्याची त्याहून स्पष्ट लांब आणि टोकाकडे निमुळती. मोठ्याचे पाय लांब, फिकट हिरवट-पिवळसर. छोट्याचे गडद राखाडी. पण ओल्या चिखलात सगळ्यांचेच पाय काळे दिसतात, त्यामुळे पायाचा रंग एकटा पुरावा धरायचा नाही. उडताना मोठ्याची बोटं शेपटीपलीकडे दिसतात. केंटिशची ओळख सोपी: मानेमागे पांढरा पट्टा, तो दोन्ही वाळू चिखल्यांना नसतो.

२०२३ पासून ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) जुना छोटा वाळू चिखल्या दोन जातींत विभागला आहे, सायबेरियन आणि तिबेटी. लडाख-तिबेटकडे वीण करणारा तिबेटी, आणि कोकणात हिवाळ्यात येणारे बहुतांश तेच. तरी हिवाळी पिसाऱ्यात दोघांना दूरून वेगळं करणं धाडसाचं आहे. वहीत ‘छोटा वाळू चिखल्या’ एवढंच लिहायचं, यादीत दोन्हींचा जोड-पर्याय निवडायचा. जात आणि उपजात छातीठोकपणे लिहिणाऱ्याकडे फोटो मागायचा.

आणखी एक निरीक्षण. वाळू बारीक गोळ्यांनी भरलेली दिसली की तिथे खेकडे नुकतेच खाऊन गेलेले असतात, आणि टेरेक व व्हिम्ब्रेल (कर्ल्यूसारखा, पण लहान) त्याच भागात. कालवफोडे शिंपल्यांच्या पट्ट्यात, पाण्याच्या अगदी काठाशी. एक कालवफोड्या तिसरी (खायची शिंपली) उचलून घट्ट वाळूवर नेतो, चोच सापटीत घालून एक पिळ देतो, आणि रिकामी शिंपली तशीच जोडलेली मागे पडते. जोडलेल्या, न फुटलेल्या, आतून स्वच्छ शिंपल्यांचा पुंजका दिसला तर पक्षी आसपास आहे असं धरून शोधावं.

दुपारच्या भरतीला दांड्याचा मोठा भाग पाण्याखाली. उधाणाला इथे विश्रांतीची जागा उरत नाही, थवे विखरून दुसरीकडे जातात. पौर्णिमा-अमावास्येची आक्षीची गणना का धरायची नाही, त्याचं हे दुसरं कारण.

११ जानेवारी २०२५, शनिवार. पौष शुद्ध द्वादशी.

आशियाई पाणपक्षी गणनेसाठीची फेरी. ही गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि भारतात तिचं काम बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) व वेटलँड्स इंटरनॅशनल पाहतात. ठरलेल्या काळात एका जागेची एकच मोजणी पाठवायची. दोन गटांनी एकाच आठवड्यात आक्षी मोजली तर दोन्ही आकडे पाठवण्याऐवजी आधी बोलून घ्यावं.

मिश्र थवा मोजायची रीत. पहिल्या फेरीत जाती बघायच्याच नाहीत, फक्त एकूण. थव्याच्या एका टोकाचे वीस पक्षी एकेक मोजायचे, ते स्कोपमध्ये किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरायचं आणि तेवढे ठोकळे थव्याभर सरकवत जायचं. मोठ्या थव्याला पन्नासचा ठोकळा. प्रत्येक ठोकळ्याला हातातल्या मोजणीयंत्राची एक कळ. उलट दिशेने पुन्हा एकदा. दोन आकड्यांत दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी फरक असेल तर सरासरी, जास्त असेल तर तिसऱ्यांदा. घट्ट बसलेल्या थव्यात नवखा माणूस नेहमी कमी मोजतो. मागच्या रांगा पुढच्यांच्या आड असतात आणि लहान पक्षी कर्ल्यूंच्या पायांत लपलेले असतात.

मग जातींची फेरी. थव्यात पाच-सहा ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी वीस पक्षी ओळखायचे आणि ते प्रमाण एकूण आकड्याला लावायचं. समजा शंभरांतले सत्तर छोटे वाळू चिखल्ये निघाले आणि थवा आठशेचा आहे, तर पाचशे साठ. ही ठिकाणं काठाची आणि मधली दोन्ही हवीत. काठाला डनलिन आणि स्टिंट जास्त असतात, फक्त काठ पाहिला तर प्रमाण बिघडतं. मोजक्या संख्येतल्या जाती, म्हणजे ग्रेट नॉट, टर्नस्टोन, राखी चिखल्या, कालवफोड्या, क्रॅब प्लोव्हर, या प्रमाणाने काढायच्या नाहीत. त्या एकेक शोधून मोजायच्या. ग्रेट नॉट जागतिक पातळीवर संकटग्रस्त आहे, त्याचा प्रत्येक आकडा फोटोसह हवा. झोपलेल्या थव्यात चोच पिसांत असते, तेव्हा राखी पाठीचा, छातीवर गडद ठिपके असलेला, शेजारच्या चिखल्यापेक्षा ठळक मोठा पक्षी दिसला तर त्याने चोच काढेपर्यंत थांबायचं.

स्कोप २० ते ६० पटींचा असला तरी साडेनऊनंतर तिशीच्या वर नेऊन उपयोग नाही. प्रतिमा मोठी होते, तपशील वाढत नाही.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. माघ शुद्ध द्वादशी.

रविवार आणि भरती एकत्र आली की काय होतं ते नोंदवायला आजचा दिवस. पाणी वर आलेलं, म्हणजे वाळूची पट्टी अरुंद. त्याच पट्टीवर थवे, घोडागाड्या, चारचाकी मोटारसायकली आणि कुत्रे. कारणाचा रकाना सकाळी आठनंतर भराभर भरला. सगळ्यात जास्त वेळा कुत्रे, सगळ्यात लांब पळवणारी वाहनं. माणूस चालत गेला तर थवा उठून जवळच बसतो. वाहन पाण्याच्या काठाने गेलं तर पूर्ण किनारा रिकामा होतो. स्थलांतराआधी चरबी साठवायच्या दिवसांत हे रोज चालणं पक्ष्यांना महागात पडतं. गणना मात्र अजूनही वाचवता येते: आठवड्याच्या मधला दिवस धरा, नाहीतर भरती साडेआठच्या आत असेल असा रविवार.

कुरव आणि सुरय (टर्न) आज जवळ होते. तपकिरी आणि काळ्या डोक्याचे कुरव हिवाळ्यात दोघेही पांढऱ्या डोक्याचे, कानामागे एक डाग. उडाल्यावर पंख पाहावेत. तपकिरीच्या काळ्या टोकात पांढरे आरसे (ठिपके), काळ्याच्या पंखाची पुढची कड पांढऱ्या पाचरीसारखी. बसलेल्या प्रौढ तपकिरीचा डोळा फिकट. बारीक चोचीच्या कुरवाचाही डोळा फिकट असतो, पण त्याचं कपाळ उतरतं, मान लांब आणि कानाचा डाग नाहीसाच. पलासचा कुरव फेब्रुवारीत काळं डोकं घेऊन बसलेला सापडतो, तो सोपा. हग्लिनचा गडद पाठीचा कुरव ई-बर्डवर लेसर ब्लॅक-बॅक्ड गलच्या खाली जातो. नाव सापडलं नाही म्हणून यादीतून वगळायचा नाही. सुरयांत चोच पुरते: कॅस्पियन जाड लाल, छोटा तुरेवाला नारिंगी, मोठा तुरेवाला हिरवट पिवळा, सँडविच काळी आणि टोक पिवळं, गल-बिल्ड आखूड जाड काळी.

पायात झेंडी (अभ्यासकांनी अडकवलेली रंगीत खूणपट्टी) असलेला पक्षी दिसला तर लिहायचं: डावा की उजवा पाय, सांध्याच्या वर की खाली, झेंडीचा रंग, अक्षरं, दुसऱ्या पायात काय. पक्ष्याचा डावा पाय, आपल्या डावीकडचा नव्हे. चूक इथेच होते. अक्षर अर्धवट दिसलं तर अंदाजाने पूर्ण करायचं नाही. नोंद बीएनएचएसकडे, फोटोसह.

१० मार्च २०२५, सोमवार. फाल्गुन शुद्ध एकादशी.

पिसारे बदलू लागले. वाळू चिखल्यांच्या छातीवर विटकरी पट्टा, बाकचोच तुतवारांच्या पोटावर लाल ठिपके, राखी चिखल्यांच्या काखा काळ्या होत्याच, आता पोटही. एकाच थव्यात तीन टप्पे दिसतात आणि नवखा माणूस तीन जाती लिहितो. म्हणून मार्चपासून वहीत पिसाऱ्याचा वेगळा रकाना: हिवाळी, बदलता, विणीचा. संख्या रोज वर-खाली होते. दक्षिणेचे थवे इथे थांबा घेतात, इथले निघून जातात. मार्च-एप्रिलच्या आकड्यावरून हिवाळी संख्या काढायची नाही.

कर्ल्यू बरेच गेलेले. व्हिम्ब्रेल आहेत.

२४ एप्रिल २०२५, गुरुवार. चैत्र वद्य एकादशी.

हंगामाची शेवटची फेरी. उरलेत ते बरेचसे पहिल्या वर्षाचे, फिकट आणि झिजक्या पिसांचे. त्यातले काही पावसाळाभर इथेच राहतील, त्यामुळे जूनमधला एखादा कर्ल्यू ही चुकीची नोंद समजून खोडू नये. तुरेवाले सुरय अजून दांड्यावर. समुद्र बगळे दोन्ही रंगांचे, राखी आणि पांढरे.

नोंदी भरताना प्रत्येक पट्ट्याची यादी वेगळी, सुरुवातीची वेळ वेगळी, आणि शेऱ्यात तीन गोष्टी न चुकता: तिथी, तक्त्यातली भरतीची वेळ, पहिला पक्षी मोजला तेव्हा पाणी चढतं की उतरतं. यातली एकही नसेल तर ती यादी जातींसाठी ठेवायची, संख्येच्या तक्त्यात घ्यायची नाही. आकड्याऐवजी ‘एक्स’ लिहून जात नुसती नोंदवणं चालेल, पण ओळखू न आलेले पक्षी टाकून देणं चालणार नाही. ‘चिखल्या, जात अनिश्चित’ हाही आकडाच आहे आणि एकूण बेरजेला तो लागतो.

पुढच्या हंगामाचे पहिले दिवस: ३ आणि ४ ऑक्टोबर २०२५, आश्विन शुद्ध एकादशी-द्वादशी. परतीचा पाऊस लांबला तर १७ आणि १८ ऑक्टोबर, वद्य एकादशी-द्वादशी. त्याआधी दुसऱ्या पट्ट्याच्या काठावरच्या दोन्ही खुणा शिल्लक आहेत का ते पाहायचं आणि स्कोपच्या पेटीतली सिलिका जेल बदलायची.